नकाशातलं विशाखापट्टणम आणि शामरावांचं

सत्तावीस वर्षं मी नागपूरजवळच्या कन्हानच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि त्या सत्तावीस वर्षांत एकदाही समुद्र पाहिला नाही. हे लिहितानासुद्धा मला हसू येतंय. भरती-ओहोटी, समुद्रबूड जमीन, नैसर्गिक बंदर, कृत्रिम बंदर, सगळं फळ्यावर, खडूनं. मुंबईकडे दोनदा गेले ती लग्नांना, आणि दोन्ही वेळा कल्याणला उतरून कल्याणहूनच परत आले. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी एकटीच विशाखापट्टणमला निघाले तेव्हा घरच्यांना वाटलं, बाईंना म्हातारपणी समुद्राची हौस आली. हौस होतीच, खोटं कशाला बोलू? पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण होतं प्रज्ञा, माझी जुनी विद्यार्थिनी. ती नववीत असताना सहामाहीला मी प्रश्न घातला होता, 'विशाखापट्टणम बंदराची माहिती लिहा.' उत्तर ठरलेलं: पूर्व किनाऱ्यावरचं नैसर्गिक बंदर, डॉल्फिन नोज नावाच्या टेकडीमुळे लाटांपासून संरक्षण, खनिजांची निर्यात. प्रज्ञानं हे सगळं लिहिलं आणि पुढे आणखी लिहिलं, 'बाहेरून आलेलं जहाज त्याचा कप्तान एकटा आत आणत नाही. बंदराचा माणूस छोट्या बोटीनं जातो, दोरीच्या शिडीनं जहाजावर चढतो आणि तो जहाज आत आणतो.'

मी त्यावर लाल काट मारली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पेपर वाटताना मी तिला उभं केलं, ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हटलं, "कप्तानाला जहाज चालवता येत नाही का गं? भूगोल लिहायचा, गोष्टी नाही." वर्ग हसला. "कुणी सांगितलं तुला हे?" तर म्हणाली, "बाबांनी." तिचे बाबा ट्रक चालवायचे. वर्ग आणखी हसला आणि मी हसू दिलं.

निवृत्तीनंतर एका दुपारी जेवताना टीव्हीवर बंदरांवरचा कार्यक्रम लागला होता. एक छोटी बोट भल्यामोठ्या जहाजाला जाऊन भिडली, एक माणूस दोरीच्या शिडीनं वर चढला. त्याला पायलट म्हणतात, जगातल्या बहुतेक मोठ्या बंदरांत असतो, हे निवेदक सांगत होता. माझा घास हातातच राहिला.

त्यानंतर वर्षभरानं कन्हानला एका लग्नात प्रज्ञा भेटली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती विशाखापट्टणमच्या बंदरातच नोकरीला लागली होती. तिथल्या नियंत्रण कक्षात बसून वायरलेसवर जहाजांशी बोलते. "मॅडम, या नं एकदा. आई गेल्यापासून बाबा बी माह्यापाशीच असतात," ती म्हणाली. तिथेच माफी मागायची होती, पण मागून जेवणाच्या रांगेनं आम्हाला पुढे ढकललं आणि माझ्या ताटात कुणीतरी जिलबी टाकली. फोनवर बोलायची ही गोष्ट नव्हती. मी तिकीट काढलं.

समुद्र, आणि एक चप्पल

रायपूरवरून डोंगरांतून जाणाऱ्या गाडीनं मी गेले. हा मार्ग मला मुद्दाम पाहायचा होता. आमच्या भागातलं मँगनीज जहाजात चढवता यावं म्हणून इंग्रजांनी ही वाट डोंगरांतून काढली आणि त्याच सुमारास पुढे बंदर खोदलं. म्हणजे मनसर-कांद्रीच्या खाणींतला दगड समुद्रापर्यंत पोचला तेव्हा कुठे तिकडे जहाजं धक्क्याला लागली. नागपूरकरांना हे कुणी सांगत नाही. आपलं आपलं म्हणून मिरवायला आपल्याकडे एक अख्खं बंदर आहे, पण आपण संत्र्यांवरच खूश.

स्टेशनवर शामराव आले होते, प्रज्ञाचे बाबा. उंच, वाळलेले, पांढरा सदरा, सत्तरीचे असूनही ताठ. "जय भीम, मॅडम," म्हणाले आणि माझी बॅग उचलली. प्रज्ञा ड्युटीवर होती. मी म्हटलं, "घरी नंतर जाऊ, आधी समुद्र!" ते म्हणाले, "हाव." म्हणजे हो.

रिक्षा किनाऱ्याच्या रस्त्यावर वळली आणि मी ओरडलेच. चक्क ओरडले, रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. मला वाटलं होतं समुद्र खाली असेल, तलावासारखा. तो समोर उभा होता! आभाळाच्या निम्म्यापर्यंत निळा, आणि हलत होता, आणि त्याचा आवाज! सत्तावीस वर्षं शिकवताना या आवाजाबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. पुस्तकात नव्हताच तो.

मी वाळूत पळत गेले. साठाव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. चपला पाण्याजवळ काढून ठेवल्या, साडी वर धरून लाटेत उभी राहिले आणि शामरावांना व्याख्यान द्यायला लागले. हा बंगालचा उपसागर, इथे सूर्य समुद्रातून उगवतो, ती दक्षिणेकडची टेकडी डॉल्फिन नोज, तिच्या आडोशाला बंदर. ते मागे कोरड्या वाळूत उभे राहून ऐकत होते. "हाव." "असन." इतका गुणी श्रोता मला शाळेत कधी लाभला नाही.

वळून पाहते तर एक चप्पल गायब आणि दुसरी लाटेबरोबर हेलकावे खात निघालेली. फुटाळा तलावाच्या काठावर ठेवावी तशी मी चप्पल समुद्राच्या काठावर ठेवली होती! भरती म्हणजे काय यावर मी दरवर्षी पाच गुणांचा प्रश्न घालत असे. शामरावांनी धावत जाऊन दुसरी चप्पल पकडली.

"तुम्हाला दिसलं होतं का पाणी वर येताना?" मी विचारलं.

"दिसलं नं," ते खाली पाहत म्हणाले. "पण तुमी भूगोलाच्या मॅडम. म्हटलं, तुमचा हिशोब असन काही."

मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मग एक चप्पल पायात, एक पाय अनवाणी, अशी मी रस्त्यापलीकडे गेले आणि नवीन रबरी चपला घेतल्या. गुलाबीच होत्या.

पुढे किनाऱ्यावरच एक पाणबुडी ठेवली आहे. मी म्हटलं, "छान केलंय मॉडेल." शामराव म्हणाले, "असन." तिकीट काढून आत गेलो तर ती खरीखुरी, नौदलातून निवृत्त झालेली पाणबुडी! एवढ्याशा बोळातून वाकून जायचं, भिंतीला लटकलेल्या झोपण्याच्या फळ्या, चहुबाजूंनी नळ्या आणि चाकं, आणि स्वयंपाकघर आमच्या देवघराएवढं. इथे माणसं दिवसच्या दिवस पाण्याखाली राहत. बाहेर आल्यावर मी शामरावांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना ही खरी आहे म्हणून?" ते म्हणाले, "हाव." बस. पुढे काही नाही. मला वाटलं, माणूस मितभाषी आहे.

संध्याकाळी प्रज्ञा ड्युटीवरून आली. तिनं पप्पू म्हणजे वरण, भात आणि गोंगुरा वाढलं. गोंगुरा तोंडात घातल्याबरोबर मी म्हटलं, "अगं, ही तर आपली अंबाडी!" एवढ्या दूर येऊन पानात अंबाडी भेटावी आणि तीही आपल्याइतकीच झणझणीत, याचा मला इतका आनंद झाला की मी तीनदा भात घेतला. जेवताना मी आणि प्रज्ञाच बोलत होतो. शामराव जेवले, ताट धुतलं आणि आपल्या खोलीत गेले.

तोटलकोंडा: कुंडं आणि कबुली

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला सुट्टी होती. शामरावांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून आम्ही दोघीच शहराबाहेर तोटलकोंडाला गेलो. भीमुनिपट्टणमच्या रस्त्यावर समुद्राला लागून एक टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार. आता विटांची जोती उरली आहेत, पण त्या जोत्यांवरून चालताना सगळं कळतं. इथे भिक्खूंच्या खोल्या, इथे स्तूप, इथे जेवणाची जागा. आणि खडकात कोरलेली पाण्याची कुंडं, ज्यांच्यावरून टेकडीला नाव पडलं. माथ्यावर उभं राहिलं की समोर नुसता समुद्र. या किनाऱ्यावरची जहाजं पार रोमच्या व्यापारात होती, तिकडची नाणी इथे सापडली आहेत. आम्ही नकाशात रेघा काढतो त्या रेघांवर माणसं खरंच ये-जा करत होती, आणि इथला एखादा भिक्खू पाणी भरता भरता त्यांची शिडं पाहत असेल! मी एका जोत्यावरून दुसऱ्या जोत्यावर अशी फिरत होते की रखवालदार दोनदा काळजीनं उठला.

प्रज्ञानं स्तूपापाशी वंदना म्हटली, हळू आवाजात. मीही हात जोडले. मग आम्ही एका कुंडाच्या कडेला बसलो, तिनं डब्यातल्या दशम्या काढल्या आणि मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"प्रज्ञा, नववीतलं तुझं ते उत्तर बरोबर होतं. पायलटचं. मी चूक होते, आणि वर सगळ्या वर्गासमोर तुझी थट्टा केली. मला माफ कर."

ती हसली. "मॅडम, त्याच्यासाठी आल्या का तुमी एवढ्या दूर?"

"त्यासाठीच."

"मार्काचं मले काही नव्हतं वाटलं," ती म्हणाली. दशमीचा तुकडा तिच्या हातात तसाच होता. "पण त्या दिवशी घरी जाऊन मी बाबाले म्हटलं, तुमी खोटं सांगता, तुमच्यापायी सारे हसले मले. बाबा आधी ट्रिपवरून आले की बोलणं थांबतच नव्हतं त्यांचं. इथल्या टेकड्या, जहाजं, लोकं. आई म्हणे, जेवू द्या पोरीले. त्या दिवसापासून बंद झालं मॅडम. येत, जेवत, झोपून जात."

मला कुठे पाहावं कळेना.

"मी इथे नोकरीले लागली अन् पहिल्याच आठवड्यात तो माणूस चढताना पाह्यला. आता तर मीच वायरलेसवर सांगते, पायलट येऊन राह्यला, शिडी सोडा. रोज सांगते. पण बाबाले अजून नाही म्हटलं."

"काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"लाज वाटते. वीसच्या वर वर्षं झाली. आता काय तोंडानं म्हणू?"

मी एका मुलीची माफी मागायला आले होते, आणि ती गोष्ट इथवर गेली होती. कालचा तो गुणी श्रोता, त्याचं ते 'हाव' आणि 'असन'. मी किती खुशीत होते त्याच्यावर! माणूस मितभाषी नव्हता. त्याला मी गप्प केलं होतं, आणि काल दिवसभर त्याच्याच समुद्रावर त्यालाच व्याख्यान दिलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी दशमी परत डब्यात टाकली.

"उद्या चार वाजता एक जहाज आत येणार आहे," डबा बंद करत प्रज्ञा म्हणाली. "मी ड्युटीवर राहीन. बंदराजवळच्या रॉस हिल टेकडीवरून चांगलं दिसते. बाबा रोजच जातात तिथं, गुडघे दुखले तरी."

तीन टेकड्या आणि चार वाजताचं जहाज

तिसऱ्या दिवशी मी शामरावांबरोबर जुन्या शहरात गेले. काय तो भाग! अरुंद गल्ल्या, नागपूरच्या इतवारी बाजाराची आठवण करून देणाऱ्या हातगाड्या, राणी व्हिक्टोरियाचा पुतळा, डच आणि इंग्रजांच्या जुन्या कबरी, मधेच सुक्या मासळीचा वास आणि मधेच मोगऱ्याचा. आणि बंदराच्या तोंडाशी तीन टेकड्या शेजारी शेजारी: एकीवर देऊळ, एकीवर दर्गा, एकीवर पांढरंशुभ्र चर्च. समुद्रावरून येणाऱ्याला तिन्ही दिसतात. हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं आणि मी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या.

चर्चच्या टेकडीच्या, म्हणजे रॉस हिलच्या पायऱ्या चढताना मी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. मला किती कठीण गेलं ते मीच जाणे. वर आलो तर खाली बंदराची चिंचोळी वाट, पलीकडे डॉल्फिन नोज, त्याच्यावर दीपगृह, आणि बाहेर खुल्या समुद्रात एक लाल-काळं जहाज थांबलेलं. जे मी फळ्यावर दरवर्षी काढत होते ते सगळं खाली मांडून ठेवलेलं! माझ्या चित्रात टेकडी फारच गोल असायची.

चारच्या सुमाराला एक छोटी बोट निघाली, पांढरा फेस काढत, थेट त्या जहाजाच्या दिशेनं.

"शामरावजी, ती बोट कुठे चालली?" मी विचारलं.

"तुमाले माहीत असन, मॅडम."

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? तुमी शिकलेल्या."

मग मी सांगितलं. नववीचा पेपर, लाल काट, मी वाचून दाखवलेलं ते वाक्य, वर्गाचं हसणं. "ती बाई मीच. तुमचं बरोबर होतं. मला काहीच माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे म्हणायची लाज वाटत होती. मला क्षमा करा."

त्यांनी बोटीवरची नजर हलवली नाही.

"तुमीच होत्या, हे माहीत होतं मले," ते म्हणाले. "पोरीनं नाव सांगितलं होतं तवाच. कट मारला त्याचं काही नाही, मॅडम. मास्तर लोकं मारतात कट. पण तुमी शिकलेल्या होत्या. मले वाटलं, मीच चुकीचं पाह्यलं असन. माल उतरायले इथं तीन-तीन दिवस लागत, मी या पायऱ्यावर येऊन बसे. किती डाव पाह्यलं होतं मी ह्या डोळ्यानं. तरी वाटलं, आपण अडाणी माणूस, चुकीचंच पाह्यलं असन."

मी रडले. चर्चच्या पायरीवर बसून, पदर तोंडाला लावून, सरळ रडले. पेपरातल्या एका ओळीवर मारलेली काट एका माणसाच्या डोळ्यांवर बसली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"उठा, उठा," शामराव एकदम म्हणाले. "रडता काय? पाहा तिकडं! ती लागली बोट जहाजाले. आता शिडी सोडतीन. दिसली का? ती, काळी रेघ! चढून राह्यला पाहा, बाप्पा, वाऱ्याचा दिवस असला नं तर शिडी अशी झुलते..." त्यांनी हात हलवून दाखवलं. "एक डाव तर मी पाह्यलं, खाली बोट चार हात गेली अन् माणूस वर लटकलेला!"

"मग?" मी डोळे पुसत विचारलं.

"मंग काय? चढला नं! त्याचं रोजचं काम हाय ते."

जहाज हळूहळू वळलं आणि त्या चिंचोळ्या वाटेत शिरलं. आमच्या पायांखालून, इतक्या जवळून, की मला वाटलं हात लांब केला तर लागेल. भल्यामोठ्या लोखंडी भिंतीवरची माणसं आमच्याकडे पाहत होती. मी दोन्ही हात हलवले. एकानं उलट हलवला! शामरावांचं बोलणं सुरूच होतं. बंदर बांधलं तेव्हा वाळू अडवायला दोन जुनी जहाजं मुद्दाम तोंडाशी बुडवली होती, हे त्यांना एका म्हाताऱ्या नावाड्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. पूर्वी जहाजं दर्ग्यासमोरून जाताना निशाण तीनदा खालीवर करून सलाम करत, हेही. 'पुरावा काय?' असं माझ्या जिभेवर आलं होतं, सवयच ती. मी जीभ चावली आणि म्हटलं, "दोन जहाजं? मुद्दाम? कशी बुडवली?" घरी येऊन शोधलं तर दोन जहाजांची गोष्ट खरी निघाली. पण तो शोध माझ्यासाठी होता. त्यांना त्याची गरज नव्हती.

अंधार पडल्यावर पायऱ्या उतरलो, तेव्हाही ते बोलत होते. रिक्षात बोलत होते, मधेच रिक्षावाल्याला तेलुगूत सामील करून घेत होते. प्रज्ञाच्या इमारतीचा जिना चढतानाही बोलत होते, गुडघ्यांचं नावही नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर दार उघडंच होतं आणि प्रज्ञा उंबऱ्यात उभी. ड्युटीचे कपडे अजून अंगावर. तिनं त्यांचा आवाज खालपासून ऐकला होता.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, तुमी खरं सांगत होते. तो माणूस मी रोज पाहते. पहिल्या आठवड्यापासून पाहून राह्यली."

शामराव थांबले. चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "झोपेत बडबडतेस तू. शिडी सोडा, शिडी सोडा. सहा वर्षं झाली, ऐकून राह्यलो मी."

"मंग तुमी काही म्हटलं काहून नाही?"

"म्हटलं, जागेपणी कवा सांगशीन, ते पाहू."